चेतकच्या आतला रंग

शिवाजी उद्यमनगर,
कोल्हापूर

प्रिय भावा,

फोनवर उरकण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून लिहायला बसलो. तुझं चेतक हेलिकॉप्टर, म्हणजे त्याचं प्लॅस्टिकचं छोटं मॉडेल, होत आलंय. समोर टेबलावरच उभं आहे. पाती लावायची राहिलीत, आणि एका रंगापाशी घोडं अडलंय. ते शेवटी सांगतो, आधी बाकीचं ऐक.

खोका थोरलीनं आणला. वर फ्रेंच नाव होतं, अलूएत तीन. चित्र बघितलं आणि ओळखलं, हे तर तुझंच यंत्र! हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं (एचएएल) १९६५ पासून बंगळुरात बांधलं ते हेच. माप बहात्तरास एक, म्हणजे सहा फुटी माणूस इथं बरोबर एक इंचाचा. ११ मीटरचा पंख्याचा व्यास १५ सेंटिमीटरवर येतो. तू त्याच्या शेजारी उभा राहिलास तर माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा दिसशील.

खोका उघडला आणि आपल्याच पॅटर्न शॉपमध्ये आल्यासारखं वाटलं. धडाचे दोन अर्धे भाग, मधे पार्टिंग लाइन म्हणजे साचा दुभागतो ती रेषा, सगळे सुटे भाग रनरला, म्हणजे साच्यात माल नेणाऱ्या काडीला, लटकलेले. चाळीस वर्षं पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने, केले, लाकूड तासताना बिडासाठी शंभराला एक आकुंचन धरत आलो. प्लॅस्टिकही तसंच आकसतं रे. जिथं जाडी जास्त तिथं वरून खड्डा पडतो. एका सीटच्या पाठीला तसा खड्डा होता, तो पुट्टीनं भरून घासला. जोडायचा द्रव मात्र नवीन वाटला. तो चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो. ब्रश सांध्याला नुसता टेकवला की आपोआप आत ओढला जातो. वेल्डिंगच म्हण ना.

एक चूक झाली, तीही सांगतो. चेतकचं तोंड जवळजवळ सगळं काचेचं. त्या काचेच्या चौकटीला एक बारीक कडी झटपट सुकणाऱ्या गोंदानं लावली आणि धूळ बसू नये म्हणून डबा बंद करून झोपलो. सकाळी काच धुकं धरल्यासारखी पांढरी! त्या गोंदाची वाफ काचेवर बसते, हे मला ठाऊक नव्हतं. पोटात गोळाच आला. मग दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, त्यावर टूथपेस्ट, असं तीन संध्याकाळी घासत बसलो. आली काच परत. आता ती साध्या फेविकॉलनं बसवणार, सुकला की पारदर्शक होतो.

इंजिनाला झाकण नसतं, वर चढलं की सगळं हाताला लागतं, हे तू गंगावेशीत दूध पिताना कितीदा सांगितलं असशील. मी ऐकायचो, पण डोळ्यासमोर काही यायचं नाही. परवा पंख्याच्या मागं ते इंजिन बसवलं आणि तुझे हात दिसले. पाइप तर खोक्यात नव्हतेच. तुझा १९८४चा फोटो भिंगाखाली धरला, तेव्हा पात्यांच्या मुळाशी एका पात्यापासून दुसऱ्या पात्यापर्यंत ताणलेल्या तारा दिसल्या. त्याही नव्हत्या. मग रनरचा तुकडा मेणबत्तीवर धरला. फिरवत राहायचं, मधे चकाकी येऊन तो वाकायला लागला की ज्योतीतून बाजूला घ्यायचा आणि दोन्ही हातांनी सावकाश ओढायचा. केसासारखा धागा निघतो. घाईनं ओढला तर तुटतो, उशीर केला तर गाठ राहते. चौदा धागे वाया गेले तेव्हा कुठं तीन तारा जमल्या. पातीही खोक्यात सरळसोट आहेत. खरी उभ्या हेलिकॉप्टरला टोकाकडं झुकतात ना? ती गरम पाण्यात धरून वाकवणार आहे.

रंगासाठी शाहूपुरीत कुंभार गल्लीत गेलो होतो. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारे एक काका आहेत, त्यांना मॉडेल दाखवलं. त्यांनी हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं आणि म्हणाले, "रंग दुधासारखा पातळ कर, एका हातात झाकायला जाऊ नकोस." तसंच केलं. तू सांगितलेला बाहेरचा रंग चार हातांत दिला. दोन हातांपर्यंत डागाळल्यासारखा दिसत होता, तिसऱ्याला बसला. आणि पत्र्याच्या जोडांच्या कोरलेल्या बारीक रेषा अजून स्पष्ट आहेत, बुजल्या नाहीत. शेपटीजवळचं केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ त्यांनीच काढून दिलं. श्वास रोखून, कोपर टेबलावर टेकून. पैसे घेतले नाहीत.

आता माझं अडलेलं. बाहेरचं तू सांगितलंस, पण आतलं काय? फोटो काळा-पांढरा आणि दार उघडं आहे, आत करड्यासारखं काहीतरी दिसतं. करड्याच्या तीन छटा करून पुठ्ठ्यावर लावून ठेवल्यात, एकीवरही मन बसत नाही. काच एवढी मोठी की आतली जमीन, सीटा, पट्टे सगळं कायम दिसत राहणार. म्हणून जमीन आणि सीटा अजून सुट्याच ठेवल्यात, काचही चिकटवली नाही. तू त्या दारातून रोज आत वाकत होतास. जमीन कुठल्या रंगाची होती? सीटांना कापड होतं का, आणि पट्टे कसले? आठवेल तसं लिहून पाठव. नाहीतर असं कर, दिवाळीला येशील तेव्हा तो पुठ्ठा तुझ्यासमोर धरतो, तू बोट ठेव. तोवर काच डब्यात.

वहिनींना नमस्कार सांग. गुडघ्याचं औषध वेळेवर घे.

तुझाच,
बाकावरचा सोबती