शनिवारच्या वाचनाची आठवण : 'न्यू किड' वाचून या

मंडळी, येत्या शनिवारी दुपारी ३ वाजता नेहमीच्याच रूममध्ये भेटतोय, मुलांनाही आणा. या वेळचं पुस्तक जेरी क्राफ्टचं 'न्यू किड', ज्यांनी अजून उघडलं नाही त्यांनी प्लीज आजच सुरू करा, चित्रांचंच आहे, दोन संध्याकाळीत होतं.

हेच का घेतलं असं दोघातिघांनी विचारलं म्हणून सांगते. २०२० चं न्यूबेरी मेडल (अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार) याला मिळालं, तो मान मिळालेलं हे पहिलंच ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांतून सांगितलेली कादंबरी, आणि तरी २०२१ मध्ये टेक्सासमधल्या केटी या शहरातल्या शाळांनी काही पालकांच्या तक्रारीवरून ते काढून ठेवलं होतं! नंतर तपासून परत ठेवलं. पण मधल्या काळात ज्या मुलाला ते हवं होतं त्याने काय करायचं?

पुस्तकात एक टीचर ड्रू नावाच्या काळ्या मुलाला सारखं दुसऱ्याच काळ्या मुलाच्या नावाने हाक मारते. तो भाग नक्की वाचा, आपल्या मुलांची नावं वर्गात कशी घेतली जातात ते त्यांनाच विचारा, माझी लेक त्या पानावर बराच वेळ थांबली होती.

आणि १९८५ मध्ये अमेरिकेत मुलांची साधारण २,५०० पुस्तकं निघाली त्यातली काळ्या लेखक-चित्रकारांची फक्त १८, तेव्हा एकेक पुस्तक कपाटात राहणं किती मोठी गोष्ट आहे बघा.

लायब्ररीत कॉपी कमी आहेत, वाचून झालं की लगेच परत करा. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत इथेच कळवा.