सहलीआधी अ‍ॅलर्जीचं बघून घ्या (सगळ्याच पालकांनी वाचा)

पालकहो, शुक्रवारी सहल आहे, तर ज्यांच्या मुलांना कसलीही अ‍ॅलर्जी आहे त्यांनी बुधवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे फॉर्म द्या, गेल्या वर्षी दिला होता म्हणून सोडू नका, वजन वाढलं की डोसही बदलू शकतो.

- डॉक्टरांचा लेखी प्लॅन आणि अ‍ॅड्रेनालिनचं पेन (जोराची अ‍ॅलर्जी आली की लगेच टोचायचं तयार इंजेक्शन), एक्सपायरी बघून, नाव टाकून द्या. ते बसच्या डिकीत जाणार नाही, सोबतच्या शिक्षकांकडेच राहील.
- डबा शेअर करायचा नाही, "एकच घास" पण नाही!! शेंगदाणे, दूध, अंडं, तीळ, कशानेही होऊ शकतं.
- खाल्ल्यावर हात साबणाने धुवायचे, नुसत्या सॅनिटायझरने शेंगदाण्याचा अंश जात नाही.

सोबत येणाऱ्या पालकांनी गुरुवारी सुटल्यावर वर्गात थांबा, पेन कसं वापरायचं ते दाखवतील. थोडक्यात, श्वास लागला, जीभ सुजली, आवाज बसला तर गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही, आधी पेन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही चालतं, मग लगेच अ‍ॅम्ब्युलन्स. मुलाला उभं करू नका, झोपवा, दम लागत असेल तर बसू द्या. बरं वाटलं तरी हॉस्पिटलला न्यायचंच, त्रास काही तासांनी परत उलटू शकतो.

आणि अ‍ॅलर्जीवरून कुणाला चिडवायचं नाही, हे घरीच सांगा प्लीज.