खोडद दारात असताना होसकोटेला कशाला

ती. आई-बाबांस,
मनूचा सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगितलं असतं तर आई, तू नुसतं "बरं" म्हणाली असतीस आणि बाबांनी मुकाट्याने फोन तुझ्या हातात दिला असता. म्हणून सविस्तर लिहिते. पुण्याच्या नोकरीला मी नाही म्हणून कळवलंय आणि बंगळूरजवळच्या होसकोटेचं दुर्बिणीचं काम घेतलंय. सही झाली आहे. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं, मग दोन वर्षं तिकडेच. दादाला तुमच्याआधी कळलं, कारण औषधांचं आणि दवाखान्याचं त्याच्याशी बोलून ठेवायचं होतं. त्याच्यावर रागावू नका. नानांच्या वेळचं तुम्हा दोघांच्या मनात येणार, ते माझ्याही मनात आहे, आणि या खेपेला सगळी व्यवस्था तोच विचार करून लावली आहे.

बाबा, तुमचं म्हणणं मला इथे बसून ऐकू येतंय. खोडदला आपल्या दारात तीस थाळ्यांची रेडिओ दुर्बीण, एकेक थाळी ४५ मीटरची, जगभरातून माणसं तिथे येतात, आणि आपली पोर निघाली कर्नाटकात. म्हणणं रास्त आहे. त्याला तोडीचं उत्तर द्यायला हवं.

मी ज्या गॅमा किरण स्फोटांच्या मागे असते, ते होतात कुठल्या तरी दूरच्या दीर्घिकेत: प्रचंड तारा कोसळतो, नाहीतर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळतात. गॅमा किरण सेकंदाचा काही भाग ते काही मिनिटं एवढेच येतात. आपलं वातावरण ते अडवतं, म्हणून ते टिपायचं काम उपग्रहांचं. आमच्यासाठी मागे उरतो तो आफ्टरग्लो, म्हणजे स्फोटामागे रेंगाळणारा उजेड, आणि तो भराभर उतरतो. ढोबळ हिशेब असा की वेळ दहापट झाली की उजेड दहापट कमी, म्हणजे अडीच प्रतीने खाली. (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप; आकडा जितका मोठा, तितका तारा अंधूक.) पहिल्या तासाला १९व्या प्रतीचा असलेला ठिपका दहाव्या तासाला २१.५ वर गेलेला असतो. नुसत्या डोळ्याला सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, यावरून हा किती अंधूक ते बघा. लडाखमधल्या हानलेची ०.७ मीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण पाच मिनिटांच्या एक्सपोजरमध्ये विसाव्या प्रतीच्या थोडं पुढे जाते. पहिले काही तास हातचे गेले तर तिच्यापुरता तो स्फोट संपला.

रेडिओ लहरींचं उलट असतं. सुरुवातीला स्फोटातून फेकलेला पदार्थ आपल्याच रेडिओ लहरी गिळतो. तो पसरून विरळ होईल तसतशा त्या बाहेर पडतात, खालच्या वारंवारतेला सगळ्यात उशिरा. काही दिवस, काही आठवडे, कधी महिनेसुद्धा. बाबा, खोडद थांबू शकतं, हानले थांबू शकत नाही. आणि हानलेची दोन मीटरची चंद्रा दुर्बीण उपग्रहाच्या दुव्यावरून चालवतात ती होसकोटेहून. म्हणून होसकोटे.

"पण ते सगळं आपोआप होतं असं तूच म्हणाली होतीस." खरंय. ठळक स्फोट असला तर यंत्रं आमची वाट बघत नाहीत. स्विफ्ट उपग्रह जागा देतो तीन कलांच्या आत (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला), एक-दोन मिनिटांत स्वतः वळून क्ष-किरण दुर्बिणीने ती दोन ते पाच विकलांवर आणतो, आणि ग्रोथ-इंडिया कुणाला न उठवता तिकडे वळते. माझी गरज लागते ती अंधूक स्फोटांना. उपग्रहावर पार्श्वभूमीचे किरण सतत आदळत असतात आणि कमी-जास्त होत असतात. अंधूक स्फोट म्हणजे नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या लिलावाच्या गलक्यात कुणी आपलं नाव हळू घ्यावं तसा. फर्मी नावाच्या दुसऱ्या उपग्रहावर बारा मुख्य शोधक आहेत. निदान दोघांनी एकाच वेळी किरणांच्या मोजणीत उंचवटा दाखवला तरच तो अलर्ट पाठवतो. त्याहून फिक्या स्फोटासाठी मागाहून जमिनीवर डेटा चाळावा लागतो. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत आपल्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या सीझेडटीआय उपकरणाचा डेटा असाच चाळतात आणि त्यातून सहाशेच्या वर स्फोट सापडलेत.

जागेची अडचण तर फारच मोठी. फर्मीने अंधूक स्फोटाभोवती दहा अंश त्रिज्येचं वर्तुळ दिलं, तर त्यात तीनशेहून जास्त चौरस अंश आकाश येतं. ग्रोथ-इंडियाची चौकट, म्हणजे एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा, जेमतेम अर्धा चौरस अंश. सहाशेच्या वर चौकटी, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे पन्नास तासांहून अधिक. तोवर आफ्टरग्लो कुठला उरतोय! मग कुणीतरी बसून ठरवायचं: कोणत्या चौकटी आधी, दुसऱ्या उपग्रहाने तोच उंचवटा पाहिलाय का, दोघांच्या वेळेतल्या फरकावरून वर्तुळाचा कुठला पट्टा उरतो, ती जागा हानलेहून तीस अंशांच्या वर आहे का, चंद्र किती जवळ आहे. चंद्रा दुर्बिणीची चौकट दहा कलांची, तिच्याने शोधाशोध होतच नाही. नेमकी जागा हातात असली तरच तिच्यावर ठरलेलं दुसऱ्याचं निरीक्षण थांबवायला सांगता येतं. ते सांगायचं की नाही, हा निर्णय माणसाचाच.

१७ ऑगस्ट २०१७ चं उदाहरण तुम्हाला आवडेल. आपल्या घड्याळात संध्याकाळचे ६ वाजून ११ मिनिटं. फर्मीने सुमारे दोन सेकंदांचा एक फिका स्फोट नोंदवला, एरवी यादीत पडून राहावा असा. त्याच्या १.७ सेकंद आधी गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशाचाच हलका हेलकावा, येऊन गेली होती, पण ती टिपणाऱ्या अमेरिकेतल्या दोन यंत्रांपैकी लिव्हिंग्स्टनच्या यंत्रात नेमका त्याच वेळी खरखराट शिरल्यामुळे संगणकाला ती फक्त हॅनफर्डच्या यंत्रात दिसली. माणसांनी लिव्हिंग्स्टनचा डेटा उघडून पाहिला तेव्हा खरखराटाखाली लहर स्वच्छ उमटलेली होती. अॅस्ट्रोसॅटला काहीच दिसलं नव्हतं, कारण ती दिशा त्याच्यासाठी पृथ्वीच्या आड होती. पण त्या न दिसण्यानेही जागा आकसली. चिलीत तेव्हा सकाळ होती. तिथे रात्र पडल्यावर, स्फोटानंतर साधारण अकरा तासांनी, एक मीटरच्या स्वोप दुर्बिणीने एकेक दीर्घिका तपासत वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी ४९९३ मध्ये नवा ठिपका पकडला. १३ कोटी प्रकाशवर्षं दूर, दोन न्यूट्रॉन तारे मिसळलेले. क्ष-किरण दिसले नऊ दिवसांनी, रेडिओ सोळा दिवसांनी. आणि पुढे आपल्या खोडदनेही तो खालच्या वारंवारतेला टिपला. स्फोट फिका होता कारण त्याचा झोत आपल्या रोखाने नव्हता, आपण तो कडेने पाहत होतो. अशा कडेने दिसणाऱ्या स्फोटांसाठीच मी हे काम घेतलंय. जवळ होणारे पुष्कळसे असेच फिके दिसणार, आणि ते सोडून द्यायला माझं मन धजत नाही.

ठिपका दिसला म्हणजे झालं असं नसतं. हानले ४५०० मीटरवर आहे, तिथे वैश्विक किरण कॅमेऱ्याच्या चिपवर जास्त आदळतात आणि हुबेहूब ताऱ्यासारखे ठिपके सोडतात. म्हणून एकच लांब एक्सपोजर न घेता पाच-पाच मिनिटांची बरीच घ्यायची, दर वेळी दुर्बीण काही विकला सरकवायची, मग एकावर एक रचायची. बारा रचली की सव्वा प्रतीहून थोडं जास्त खोल दिसतं. लघुग्रह तर नेहमीचेच फसवे; ते अर्ध्या तासात दहा-पंधरा विकला सरकतात, म्हणून तीच जागा अर्ध्या तासाने परत बघायची आणि लघुग्रहांच्या यादीशी ताडायची. नवं काय उगवलंय ते कळावं म्हणून जुनं चित्र नव्यातून वजा करताना हवेचा थरथराट दोन्हींत सारखा नसला तर दीर्घिकेच्या गाभ्यावर पांढऱ्या-काळ्या डागांची जोडी उरते, तीही नव्या ताऱ्यासारखी वाटते. लाल बटू तारे अचानक भडकतात. या सगळ्यातून वाचलेला ठिपका दुसऱ्या-तिसऱ्या चित्रात ठरल्या चालीने उतरताना दिसला, तरच तो आपला.

मग वर्णपट, म्हणजे उजेड रंगारंगांत फोडून बघणं. दोन विकलांहूनही अरुंद फटीवर तो ठिपका आणून बसवायचा, आणि चंद्रा दुर्बिणीला तेवढा उजेड १८-१९ प्रतीपर्यंतच पुरतो. त्याहून अंधूक असला तर नैनितालजवळच्या देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीला विनवायचं, तीही पावसाळ्यात बंद. आर या लाल फिल्टरमध्ये काहीच न दिसल्यास घाईने सोडून द्यायचं नाही: मधे धूळ असेल, किंवा स्फोट इतका दूर असेल की त्याचा उजेड आणखी लाल बाजूला सरकलाय, मग आय आणि झेड फिल्टर लावून बघायचं. तरीही काही नाही, तर अमुक वेळी, अमुक फिल्टरमध्ये, अमुक प्रतीपर्यंत काही नाही असं सगळ्यांना कळवायचं. त्यावरून दुसऱ्या देशातला कुणीतरी आपली रात्र कुठे घालवायची ते ठरवतो. कॅनरी बेटं आणि पूर्व ऑस्ट्रेलिया यांच्या मधल्या पट्ट्यात हानलेसारख्या जागा फार थोड्या. आपण झोपलो तर तेवढी रात्र साऱ्या जगाचीच रिकामी जाते.

आई, आता तुझ्यासाठी. मी हानलेला राहणार नाहीये, एवढं आधी मनात पक्कं कर. मी होसकोटेला असेन, बंगळूरच्या जवळच, तिथे हवा आपल्यापेक्षा बरी. खोली मिळाली आहे, खाली मेस आहे, गरम पाण्याची सोय आहे. रात्रपाळी असली तरी उपाशी नसते. डबा संध्याकाळीच भरून ठेवते. दिवसा झोपायला खिडकीला जाड काळं कापड लावणार आहे. काळा मसाला तेवढा दोन बरण्या दे, तिकडचं सांबार रोज नाही चालत मला. आणि तुझी ती जुनी निळी गोधडी मी नेणार आहे, नवीन शिवत बसू नकोस, बोटं दुखतात तुझी. लहानपणी ताप आला की तीच अंगावर घालून तू उशाशी बसायचीस. अजून कणकण वाटली की आधी तीच आठवते.

हानलेला मे-जूनमध्ये कधीतरी जावं लागेल. आधी लेहमध्ये थांबून शरीर सवयीचं करायचं, पहिले दिवस चढउतार नाही, पाणी भरपूर, डोकं ठणकून उलट्या व्हायला लागल्या तर हट्ट न करता खाली उतरायचं. हे नियम मी पाळते. सोबत माणसं असतात, ऑक्सिजन असतो. बाबा, तुम्ही टीव्हीवर लडाखचं हवामान बघत बसू नका.

आणि खोडद सुटलेलं नाही. स्फोट सापडला की तिथल्या वेळेसाठी आम्हीच अर्ज करणार, आणि निरीक्षण लागलं की शक्यतो स्वतः येणार. म्हणजे मुक्काम घरीच. २८ फेब्रुवारीच्या प्रदर्शनाला बाबा, तुम्ही मला खांद्यावर बसवून थाळी दाखवायचात, तेव्हापासूनचं हे सगळं आहे. तुम्हाला सोडून चाललेय असं मनात आणू नका. लग्नाचा विषयही मी टाळत नाहीये. आत्याला सांगा, डिसेंबरात बोलू.

आता माझं ऐका. रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर लगेच, "बरं वाटतंय" म्हणून बंद करायची नाही. पाण्याची टाकी धुवायला बाबांनी शिडीवर चढायचं नाही, दादा रविवारी येतो, तो धुईल. आई, गुडघ्याचे व्यायाम रोज, नुसतं तेल चोळून भागत नाही. साखर महिन्याला तपासा आणि कागदाचा फोटो मला पाठवा. रात्री काही झालं तर "पोर झोपली असेल" म्हणून थांबू नका, दोन वाजता मी जागीच असते. माझा फोन अलर्टसाठी उघडाच असतो आणि तुमचा नंबर त्यात सगळ्यात वर आहे. बोलते आहे कडक, पण तुमच्याशी कडक बोलायला मला तरी कुठे आवडतं.

बाबांचा डावा डोळा आता पुढे ढकलायचा नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन पौर्णिमेच्या आठवड्यात ठेवा. चंद्राच्या उजेडात अंधूक काही दिसत नाही, त्यामुळे तेव्हा माझी पाळी दुसऱ्याला देता येते. मी आठ दिवस राहीन, थेंब वेळच्या वेळी मीच घालेन, आणि बाबांना वाकू देणार नाही, डोळ्यात पाणी जाऊ देणार नाही. डॉक्टरांकडून दोन तारखा घ्या, दादाला कळवा. त्यानुसार मी उद्यान एक्स्प्रेसचं पुण्यापर्यंतचं तिकीट काढते.

तुमची,
मनू