नाणी मोजण्याचा सराव : आठवण

पालकहो, उद्याच्या सरावासाठी खरी नाणीच पाठवा. प्लास्टिकच्या नाण्यांना ना वजन, ना कडेच्या खाचा. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली की छाप उमटतो; मुलं त्यात रमतात आणि अंकही नीट पाहतात.

पाचचं एक नाणं हवं की एकची तीन? बरीच मुलं तीनवर झडप घालतात. रागावू नका, या वयात जास्त नग म्हणजे जास्त पैसे! पाचच्या शेजारी एकची पाच मांडून दाखवा. मोजणी मोठ्या नाण्यापासून: 10, 15, 20, मग 21, 22.

घरात 3 वर्षांखालचं भावंड असेल तर नाणी मोजून काढा, मोजूनच परत ठेवा. तोंडात घालायला क्षणही लागत नाही. नंतर हात साबणाने धुवायचे.