टायटनवर जोतं कशावर घालायचं?

पनवेल

प्रिय सुध्या,

तुझी पत्रं आली, मंगलचा फोन आला, उत्तर कशालाच नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. प्रकृती ठीक, साखर तिथल्या तिथे, गुडघा कुरकुरतो. लिहायला बसलो कारण तळोज्याला जे पाहिलं ते इथे कुणालाही सांगितलं तर "बरं, मग?" म्हणतील. घरी सांगून पाहिलं. "भाजी वाढू का?" एवढंच उत्तर आलं.

झालं असं की मासळीच्या एका कोल्ड स्टोरेजमधून बोलावणं आलं, फ्रीझरचं दार सरकेना. उणे २० अंशांची खोली, कोळंबीची खोकी छतापर्यंत. मालकाचं म्हणणं, दाराचे रोलर गेले. मी लेव्हल लावून बघतो तर रोलर ठणठणीत, जमीनच मधोमध वर आलेली! पॅलेट कललेली, फोर्कलिफ्टवाला त्या बाजूला जायला तयार नाही. कडेला कोबा फोडला. खाली मुरमात बर्फाचे पांढरे थर, एकावर एक, चिरोट्याला असतात तसे. जमिनीखालून हवा खेळावी म्हणून पाइप टाकलेले होते, ते पावसाळ्यातल्या गाळाने केव्हाच बुजलेले. थंडी वर्षानुवर्षं पफमधून, म्हणजे जमिनीतल्या फोमच्या थरातून, खाली झिरपली, मुरमातलं पाणी गोठलं, गोठताना आजूबाजूचं पाणी ओढत राहिलं आणि सगळी जमीन उचलली गेली. मी हातात बॅटरी घेऊन पालथा पडलेलो आणि डोक्यात काय यावं? तुझा टायटन, शनीचा तो चंद्र.

हसू नकोस. १४ जानेवारी २००५ ला हायगेन्स यान तिथे उतरलं, त्या रात्रीपासून तू माझं डोकं खातोयस, माणसाने वस्ती करायची तर टायटनवरच म्हणून. "तुझ्या मंगळावर हवेचा दाब आपल्या एक टक्कासुद्धा नाही. टायटनवर दीडपट! प्रेशर सूट नको, गरम पोशाख आणि ऑक्सिजनचा मास्क, बस्स!" अव्याच्या लग्नात जिलब्या गार होईपर्यंत तू हेच ऐकवत होतास आणि पेंडसे सर म्हणाले होते, "आधी जेवा, मग स्थलांतर करा."

दाबाचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. नायट्रोजनची दाट हवा, किरणोत्सर्गापासून आयतं छत्र, वजन सातव्या हिश्श्यावर. पंख बांधले तर माणूस उडेलही. गॅसचं तर विचारूच नकोस. दाभोळला जहाजातून जो गार द्रवरूप गॅस, एलएनजी, उतरवतात, जवळपास त्याच मालाचे, म्हणजे मिथेनचे, तिथे समुद्र आहेत. एकटा क्रॅकेन समुद्र महाराष्ट्रापेक्षा मोठा. फक्त पेटवायला ऑक्सिजन नाही. म्हणजे गॅस फुकट आणि हवा सिलिंडरने, नंबर लावून.

पण सुध्या, जोतं कशावर घालणार? तिथली जमीन म्हणजे पाण्याचा बर्फ. उणे १७९ अंशांना तो दगडाइतका कडक. हायगेन्सच्या फोटोत ते गोल गोटे दिसतात ना, तेही बर्फाचेच. घरात २० अंश, खाली उणे १७९. दोनशे अंशांचा फरक! तळोज्याला मी पंचावन्न सांभाळताना मेटाकुटीला येतो. माझ्याकडे थंडी झिरपून जमीन वर आली, तुझ्याकडे ऊब झिरपून घर खाली जाईल. याकुत्स्कला इमारती खांबांवर उभ्या करतात, खालून गार वारा वाहू देतात, म्हणून तिथली गोठलेली जमीन वितळत नाही. म्हटलं, तसं करू. पण खांब कशाचे? साधं पोलाद त्या थंडीत ठिसूळ. मग एलएनजीच्या टाक्यांना वापरतात तसलं निकेलचं पोलाद, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम. बरं, खांब झाले. आता हवा. आपल्यापेक्षा चौपट दाट, ती घराची ऊब ओरबाडून नेणार. मंगळाच्या विरळ हवेत हा ताप नाही, हे मी तेव्हाही सांगत होतो आणि तू "चहा सांग" म्हणून विषय बदलला होतास. भोक पडलं तर? दाब बाहेरच्याइतकाच ठेवला तर घर फुटणार नाही, पण मिथेन आत येणार, आत ऑक्सिजन, वर हीटर चालू. रात्री उठून कागदावर हे मांडत बसतो. ही म्हणते, "जायचंय कुणाला तिकडे?"

एक घर जमेल, असं मला आता वाटू लागलंय. छळतंय ते तुझं दुसरं वाक्य: "मोठे आरसे लावू आणि सगळा टायटनच उबदार करू." शनीपाशी सूर्यप्रकाश आपल्या शंभराव्या हिश्श्याचा, त्यातला बराचसा ते नारिंगी धुरकं वरच अडवतं, जमिनीपर्यंत येतो हजारावा हिस्सा. ठीक, लावले तुझे आरसे, उजाडलं. पण शून्याच्या वर गेलास की पायाखाली जमीनच नाही! सगळा बर्फ वितळला तर शेकडो किलोमीटर खोल पाणी. मिथेनचे समुद्र त्याच्या कितीतरी आधी उकळून गेलेले. हवा तापली की तीही त्या दुबळ्या गुरुत्वाकर्षणाला फार काळ दाद देणार नाही. राहण्याजोगा करायचा तर टायटन शिल्लक ठेवता येत नाही, रे. राहायचं तर भाडेकरूसारखं, जमीन गारच ठेवून, मालकाच्या अटींवर.

आणि हे तुलाच का सांगतोय? २०१७ च्या सप्टेंबरात शनीभोवती फिरणारं कॅसिनी यान शनीत बुडवलं तेव्हा तुला फोनवर धड बोलता येत नव्हतं. इंधन संपत आलं होतं, चुकून ते एन्सेलाडस या शनीच्या दुसऱ्या चंद्रावर किंवा टायटनवर आदळून आपले जंतू तिथे जाऊ नयेत म्हणून चांगलं चालतं यान जाळलं. "बरोबर केलं," असं तूच म्हणालास. मग आरसे कसे चालतात तुला? जंतू नको आणि सोसायटी हवी?

नासाचं ड्रॅगनफ्लाय टायटनकडे २०२८ ला निघायचंय, पोचायचंय २०३४ ला. आठ पंख्यांचं ते यंत्र उडत उडत जमीन तपासत जाणार. तेवढं बघायला दोघांनी टिकायचं. गोळ्या वेळेवर घे.

श्रुतीचं कळलं, फार बरं वाटलं. वाटणीच्या कागदांवर घाईने सही करू नकोस, अव्याला आधी दाखव. वहिनींना नमस्कार. मंगलला म्हणावं रविवारी फोन करतो, नक्की.

तुझा,
बंड्या

ता. क. खांबांचं गणित सोबत जोडलंय, तपासून पाठव. आरशांच्या बाजूने भांडायचं असेल तर लिहूनच भांड. फोनवर तू ओरडतोस.