सार्वकालिकाची नजर आणि पहिल्या तारखेचा पगार

प्रिय सुमित,

प्रभूमध्ये सलाम.

अनंतकाळ डोळ्यांसमोर ठेवून जगा, असं पाळकसाहेब सांगतात, पण सोमवारी हिंजवडीच्या ऑफिसात जाऊन नेमकं करायचं काय, असं तू फोनवर विचारलंस. प्रश्न रास्त आहे. उपदेशात त्याचं उत्तर फारसं येत नाही, कारण ते रुक्ष आहे: पगार, रविवार, भांडणं आणि कागदपत्रं. लग्न दोन महिन्यांवर आलंय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

स्वर्गाकडे डोळे लागले की इथलं काम दुय्यम, हा गैरसमज फार जुना आहे. पहिल्या शतकात थेस्सलनीका शहरातल्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, काही लोक कामधंदा सोडून लोकांच्या उठाठेवी करत बसले होते. प्रेषित पौलाने त्यांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सुनावलं की ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. आणि करिंथच्या मंडळीला पुनरुत्थानावर, म्हणजे मेलेल्यांतून पुन्हा उठण्यावर, ५८ वचनांचा अख्खा अध्याय लिहून झाल्यावर शेवटच्या वचनात तो काय म्हणतो? प्रभूच्या कामात तत्पर राहा, तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. पुनरुत्थानाच्या अध्यायाचा शेवट कामावर होतो, हे ध्यानात ठेव. तेव्हा तुझी डेडलाइन, तुझ्या हाताखालच्या पोराला वेळेवर दिलेली रजा, टेस्टिंग न करता "झालं" असं न सांगणं, हे सगळं त्या हिशेबात धरलं जातं. ऑफिसात टेबलावर वचनाचं कॅलेंडर ठेवून कामात चालढकल करणारा ख्रिस्ती माणूस मंडळीच्या साक्षीचं जेवढं नुकसान करतो, तेवढं बाहेरचा कुणी करत नाही.

आता पैसा. प्रभू येशूने प्रार्थनेइतकंच पैशाबद्दल स्पष्ट सांगितलंय, आणि आपण नेमकं तेच पुटपुटत वाचतो.

दान महिन्याच्या सुरुवातीला वेगळं काढायचं. पौलाने करिंथकरांना आठवड्याच्या पहिल्याच दिवशी ज्याच्या त्याच्या मिळकतीप्रमाणे बाजूला ठेवायला सांगितलं, ते वर्गणीच्या वेळी धावपळ होऊ नये म्हणून. महिनाअखेर उरलेल्यातून द्यायचं ठरवलं की उरत काहीच नाही. यात कंजूषपणा असतोच असं नाही, खर्चाची रीतच तशी असते. समजा हातात ६२,००० येतात. दशमांश, म्हणजे दहावा भाग, झाला ६,२००. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी तो वेगळ्या बचत खात्यात आपोआप वळता होईल अशी सूचना बँकेला देऊन ठेव. त्यातले ४,००० ज्या मंडळीत तू उपासनेला जातोस तिथे, १,२०० सुवार्तेच्या किंवा गरिबांच्या एखाद्या ठरलेल्या कामाला, आणि १,००० खात्यातच राहू देत. कुणाच्या घरी दवाखाना निघाला, कुणाच्या मुलीची फी अडली, तर त्या वेळी खिसा चाचपडावा लागत नाही.

दशमांश कपातीआधीच्या पगारावर काढायचा की हातात येणाऱ्यावर, यावर तरुण संघात तासभर वाद घालतात. माझं मत सरळ आहे: हातात येणाऱ्यावर काढ, आणि पीएफ जेव्हा निघेल तेव्हा त्याचाही काढ, कारण तो तुझाच पैसा आहे, फक्त उशिरा येतो. नव्या करारात टक्का कुठे ठरवून दिलेला नाही. म्हणजे दहाच्या खाली उतरायची सवलत मिळाली असं नव्हे. पगारवाढ झाली की टक्काही एकाने वाढव. राहणीमान आपोआप वाढतं, दान मुद्दाम वाढवावं लागतं. शंभर रुपये पेरा, देव दहा हजार देईल, असं स्क्रीनवरून सांगणाऱ्यांना मात्र एक पैसाही देऊ नकोस. तो सट्टा आहे, अर्पण नव्हे.

आणि कर्ज. क्रेडिट कार्डावर ४०,००० थकले आणि महिना साडेतीन टक्के व्याज असेल, तर व्याज १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. "किमान रक्कम" म्हणून तू पाच टक्के, म्हणजे २,००० भरलेस, तर मुद्दल घटलं फक्त ३४८ रुपयांनी. नवीन खरेदी केली तर तेवढंही नाही. असा माणूस देवाच्या कामाला कितीही मनापासून "हो" म्हणाला तरी त्याचे हात बांधलेले असतात. लग्नाचा हॉल, शूटिंग, सूट यांपैकी काहीही कार्डाच्या हप्त्यावर घेऊ नकोस. आमच्या पाहुण्यांची यादी लांबली तर ती कापायची जबाबदारी माझी, पप्पांशी मी बोलते. सूनबाईला हे सगळे आकडे लग्नाआधी दाखव. दशमांशावरून लग्नानंतर होणारी भांडणं बहुतेक वेळा श्रद्धेवरून नसतातच, दुसऱ्याने आपल्याला न विचारता पैसे दिले यावरून असतात.

वेळेचं थोडक्यात. नव्या करारात २६० अध्याय आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक वाचलास तर ५२ आठवड्यांत बरोबर पूर्ण होतो. शनिवार चुकलेला भरून काढायला, रविवार मंडळीत. जानेवारीत शास्त्राच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरुवात करणारे बहुतेकजण तिसऱ्या, लेवीयच्या यज्ञविधींत अडकतात आणि मग मार्चमध्ये अपराधी वाटतं म्हणून शास्त्रच उघडत नाहीत. मागे पडलास तर एका बैठकीत दहा अध्याय उरकू नकोस, जिथे असशील तिथून पुढे चाल. फोनवर वाचणार असशील तर आधी इंटरनेट बंद कर, नाहीतर दुसऱ्या वचनाला ऑफिसचा ग्रुप वाजतो.

मंडळीत एकच काम घे आणि ते लांब पल्ल्याचं घे. नाताळच्या कार्यक्रमाच्या कमिटीत सगळ्यांनाच जायचं असतं. त्यापेक्षा शब्बाथ शाळेचा, म्हणजे मुलांच्या रविवारच्या शाळेचा, एक वर्ग धर, आठ-दहा मुलं, सलग तीन वर्षं. केडगावच्या मुक्ती मिशनात पंडिता रमाबाईंनी संपूर्ण पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर हाती घेतलं, तेव्हा मुक्तीत शेकडो बायकामुलींच्या पोटापाण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या, कमी शिकलेल्या बाईलाही कळावं म्हणून भाषा सोपी ठेवली. छापखाना मुक्तीतलाच, आणि काम करणाऱ्या बायकाही तिथल्याच. पुढचा कारभार जिच्यावर सोपवायचा ती मुलगी मनोरमा १९२१ च्या जुलैत वारली. १९२२ च्या ५ एप्रिलला रमाबाई गेल्या. ते शास्त्र छापून बाहेर आलं १९२४ साली. ज्या मुलांना तू शिकवशील त्यांचं पुढे काय झालं हे कदाचित तुलाही कळणार नाही. तरी रविवारच्या धड्याची तयारी शनिवारी रात्री अकराला करायची नाही, गुरुवारी करायची.

आता भांडणांचं. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात क्रम सांगितलाय: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. आपण उलटं करतो. प्रभुभोजनाच्या रविवारी सगळे एकाच रांगेत येतात आणि दोन भाऊ वाड्याच्या भिंतीवरून दहा वर्षं बोलत नाहीत. तुझ्या हातून झालेलं निस्तरायचं असेल तर समोर जा, निदान फोन तरी कर; मेसेजवर माफी मागू नकोस. काय केलंस ते नाव घेऊन सांग: "बैठकीत सगळ्यांसमोर मी तुमचा अपमान केला." "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर" असं म्हटलंस की दोष समोरच्याच्या मनावर गेला. "पण" आला की पुढचं सगळं वकिली होतं. पैशाचं नुकसान झालं असेल तर पैसे घेऊनच जा. शास्त्रातल्या जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत केलं होतं, तू निदान पूर्ण तरी दे. समोरच्याने माफ केलं नाही तर तिथे थांब. त्याच्यावर वचनं फेकू नकोस. लग्नाच्या पत्रिका वाटायच्या आत नगरच्या काकांकडे जाऊन ये, कशासाठी ते तुला माहीत आहे.

मृत्युपत्राचा विषय काढला की आपल्याकडे "अशुभ बोलू नका" म्हणतात. ख्रिस्ती माणसाने तरी असं म्हणू नये. आपल्याला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू आहे. त्यातल्या काही गोष्टी लोकांना माहीत नसतात, आणि कळतात तेव्हा उशीर झालेला असतो.

पहिली गोष्ट तुझ्या अगदी कामाची: लग्न झालं की त्याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द ठरतं. म्हणून आत्ता करू नकोस, लग्नानंतर पहिल्या महिन्यात कर. न करता माणूस गेला आणि मुलंबाळं असली, तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलामुलींना सारखं. मूल नसेल तर निम्मं पत्नीला, निम्मं वडिलांना. वडील हयात असताना आईला त्यातलं काहीच नाही. कायदा इंग्रजांच्या काळातला आहे, मी काही बोलत नाही.

मृत्युपत्राला स्टँपपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, पण करून घेतलेली बरी. साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं. तू सही करताना निदान दोन साक्षीदारांनी पाहिलं पाहिजे आणि त्यांनी तुझ्यासमोर सही केली पाहिजे. साक्षीदाराला किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोला मृत्युपत्रात काही ठेवलं असेल तर तेवढी देणगी बाद होते. घरच्याच माणसाला साक्षीला बसवून त्याचाच वाटा घालवल्याचे प्रकार होतात. साक्षीदार तुझ्यापेक्षा तरुण असावेत, आणि अंमलबजावणी कोण करणार त्याचं नावही लिहावं.

मंडळीला काही ठेवायचं असेल तर "देवाच्या कामासाठी" एवढंच लिहू नकोस. त्यातून कोर्टकज्जे होतात. ट्रस्टचं नोंदणीतलं पूर्ण नाव आणि धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक लिही. पूर्वी जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाने धर्मादायाला ठेवलेली मालमत्ता टिकायला मृत्युपत्र मरणाच्या निदान बारा महिने आधी झालेलं असावं लागे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ते कलम रद्द केलं. काही वकील अजून जुनं सांगतात, तेव्हा आपल्याला माहीत असावं. सूनबाईच्या माहेरची गोव्यातली जागा पुढे कधी विषयात आली, तर तिथला कायदा वेगळा आहे; निम्म्या मालमत्तेवर जवळच्या वारसांचा हक्क राखीव असतो. तेव्हा तिथल्याच वकिलाला विचारा.

बँकेतला नॉमिनी मालक होत नाही, पैसे वारसांपर्यंत पोचवणारा असतो, तरी तो नेमलेला असावाच. पगाराचं खातं, पीएफ, विमा, तिन्हीकडे लग्नानंतर नाव बदलून घे. बाप्तिस्म्याचा दाखला, इथल्या मंडळीचं सभासदत्वाचं पत्र आणि विवाह नोंदणीच्या दोन प्रती एका फाईलीत ठेव. पुण्यात कायम राहणार असाल तर सभासदत्व तिकडे हलवा. बऱ्याच मंडळ्यांत लग्न लावायला आणि कबरस्तानात जागा मिळायला सभासदाची नोंद आणि वर्गणी पाहिली जाते. ती धावपळ दुःखात असलेल्या माणसाच्या गळ्यात पडू नये.

पप्पांचं आणि माझं मृत्युपत्र लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, निळ्या फाईलीत आहे. किल्ली मावशीकडे. आमच्या कबरीवर ग्रॅनाइट बसवू नका, तेवढे पैसे मुलींच्या वसतिगृहाला द्या, असं त्यात लिहिलंय. आल्यावर एकदा वाचून घे आणि काही पटलं नाही तर आम्ही असतानाच बोल.

सूनबाईला आणि तिच्या घरच्यांना सलाम सांग.

तुझी,
मम्मी