तुझ्या प्रोजेक्टमधली पाचवी गोष्ट

राणी,

तुझं झोपडपट्ट्यांवरचं प्रोजेक्ट मोबाईलवर वाचलं, अक्षर बारीक होतं म्हणून बाबांनी मोठं करून दिलं. युएन हॅबिटॅटवाले, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची ती घरांचं नि शहरांचं काम बघणारी संस्था, म्हणे 5 गोष्टी बघतात, टिकाऊ घर, एका खोलीत 3 पेक्षा जास्त माणसं नकोत, पुरेसं चांगलं पाणी, संडासची सोय, आणि घरातून कुणी हाकलणार नाही याची खात्री, यातली एक जरी नसली तरी झोपडपट्टी. मी बोटांवर मोजलं. आपल्याकडे एकही नव्हती गं!

पाण्याचं तुला माहितीच आहे, रात्री नळ फुसफुसला की माझी झोप मोडायची, आणि 20 लिटरचा कॅन म्हणजे 20 किलो, रोज उजव्या हातानेच उचलला, तो खांदा अजून खाली आहे, ब्लाऊजचं माप घेताना टेलर दरवेळी विचारतो. ते जाऊदे.

मला पाचव्या गोष्टीचं बोलायचंय, ती तू एका ओळीत उरकलीस. अगं बाकीचं सगळं तिच्यापायीच अडलं होतं. एकदा विटांची भिंत घालण्याइतके पैसे साठले होते, पण बाबा म्हणाले उद्या तोडायला आले तर विटा कुठे नेणार, पत्रा निदान उचलून नेता येतो. म्हणून 12 वर्षं पत्र्यातच काढली, उन्हाळ्यात रात्री तो गार होईपर्यंत सगळे दारात बसून. पैसे नसतात म्हणून घर कच्चं राहतं असं लिहिलंयस ते अर्धंच खरं आहे, खोड आणि नीट लिही.

आणि खोलीतली माणसं मोजताना पत्र्यापलीकडच्या काकूंना कुठे धरता तुम्ही? सातच्या पाढ्यात तू सात आठेला अडायचीस की त्या भांडी घासता घासता ओरडायच्या, छप्पन्न! त्यांच्या पलीकडून अजून कुणीतरी हसायचं, मग तू चिडून पत्र्यावर लाथ मारायचीस. पण माझं नि बाबांचं भांडण झालं की सकाळी नळावर बायका विचारायच्या, मिटलं का गं? मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, म्हणून गरिबीत मजा असते वगैरे लिहू नकोस हां.

परवा काकू भेटल्या, पोरगी काय शिकते विचारत होत्या. म्हटलं, आपल्यासारख्यांची घरं मोजते. तर म्हणाल्या, आधी विचार तिला, सात आठे किती.

तुझी आई